पुण्याचा कॅप्टन आणि न सापडलेला ग्रह

वाचकहो, आपल्या ब्राउनश्वाइगच्या गाउसबर्गवरचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. गाउस इथलाच, जन्म १७७७ चा. १८०१ साली सेरेस हा नवा शोधलेला बटुग्रह एक्केचाळीस दिवसांच्या वेधांनंतर हरवला. तेवढ्या नोंदींवरून गाउसने त्याची कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस सेरेस त्या गणितानुसार सापडला. ही परीक्षा सोपी, पण निर्दय: सांगितलेल्या जागी बघा, आहे की नाही?

या परीक्षेत नापास झालेल्या एका ग्रहाचे नाते आपल्या पुण्याशी आहे. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला अधिकारी. १८४२ मध्ये त्याने पुण्यात पदरमोड करून वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांचे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन सूर्यांचे, वेध घेतले. पुण्यातून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्याच्या नावावर आहे.

पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहात ‘७० ऑफियुकी’ नावाची जोडी आहे. एक फेरा ८८ वर्षांचा. गणिताने येणारी जागा आणि दुर्बिणीतून मोजलेली जागा जुळेनात. १८५५ मध्ये जेकबने लिहिले की तिथे एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. हा तर्क वेडगळ नव्हता. नऊच वर्षांपूर्वी नेपच्यून असाच, युरेनसच्या चुकलेल्या चालीवरून सापडला होता. पण इथे दोन ताऱ्यांमधले अंतर अंशाच्या पाचशेव्या भागाहूनही कमी, वर थरथरणारी हवा आणि मोजणारा डोळा माणसाचा! शतकाच्या शेवटी अमेरिकेत सी नावाच्या खगोलज्ञाने पुन्हा तसाच दावा केला, तेव्हा मॉल्टनने १८९९ मध्ये दाखवून दिले की असा तिसरा सोबती त्या जोडीत टिकणारच नाही.

आता साधने सुधारली, म्हणून हा प्रश्न संपला असे समजू नका. इथून तासाभरावरच्या गॉटिंगेनच्या बॉयरमान यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये ‘एनएन सर्पेंटिस’भोवती दोन ग्रह असल्याचे मांडले. तिथले दोन तारे सुमारे तीन तासांत एकमेकांभोवती फिरतात; त्यांच्या ग्रहणांच्या वेळा सेकंदांच्या हिशेबात मागेपुढे होत होत्या. नंतरच्या ग्रहणांनी त्या वेळापत्रकाबद्दल शंका उभ्या केल्या. ताऱ्याच्या चुंबकत्वामुळे त्याचा आकार किंचित बदलला, तरीही वेळा अशाच सरकू शकतात. याउलट २०११ चा ‘केप्लर-१६ बी’ दोन्ही सूर्यांसमोरून गेला, त्यांचा प्रकाश मंदावला आणि पुढची तारीखही आधी सांगता आली. तिथे वाद उरला नाही.

मला स्वतःला जेकबचा ‘दाट शक्यता’ हा शब्दप्रयोग आवडतो. अलीकडचे कित्येक मथळे तेवढाही संयम पाळत नाहीत. ग्रह गेला, पण पुण्यातली मोजमापे राहिली. जोडताऱ्याचा एक फेरा बघायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. जुन्या नोंदी लागतातच.

१८६२ मध्ये पुण्याकडच्या डोंगरावर वेधशाळा उभारायला तो नऊ इंची दुर्बीण घेऊन परतला. ब्रिटिश संसदेने हजार पौंड मंजूर केले होते. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. वय ४८.

दिवाळीच्या सुमारास अंधार पडताच नैऋत्येकडे बघा. आभाळ निरभ्र असेल (नोव्हेंबरात इथे ही मोठीच अट!) तर शहराबाहेरून ७० ऑफियुकी नुसत्या डोळ्यांनी अंधुक दिसतो. लहान दुर्बिणीतून त्याचे दोन होतात.