मुखत्यारपत्र

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याहून कल्याण-शीळ रस्त्याने कोळेगावाकडे जाऊ लागले म्हणजे ज्या विस्तीर्ण जागेवर आज निवासी संकुलांचे मनोरे उभे राहिले आहेत, त्या जागेला आमच्या पिढीची माणसे अद्याप 'प्रीमियर' असेच म्हणतात. कारण शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, कुर्ल्याखेरीजचा कारखाना येथे होता, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्युजो ३०९ ही फ्रेंच कुळातील मोटार याच भातशेतीच्या मुलखात जुळवली जाऊन बाहेर पडत असे. ते उत्पादन फार काळ चालले नाही, परंतु मोटार चालविण्यात जो एक निर्मळ आनंद असतो त्याचा पुरा प्रत्यय मला ज्या गाडीने दिला, ती माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर जन्मली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

स्पोर्ट्स कार म्हटली की दोन आसनांची, बुटकी, भडक रंगाची गाडी लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. तशी एक 'स्टॉर्म' नावाची उघड्या टपाची गाडी गोव्याच्या सॅन मोटर्सने काढलीही होती. माझ्या मते मात्र रूपावरून हे ठरू नये. जी मोटार कोठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर चालविण्यासाठीच चालवावीशी वाटते, आणि चाकाखालचा रस्ता जी चालविणाऱ्याच्या तळहातापर्यंत आणून पोहोचवते, ती स्पोर्ट्स कार.

या जाणिवेचा पहिला धडा मला मिळाला तो वडिलांच्या फियाट ११०० वर. वडील कल्याणच्या न्यायालयात वकिली करीत, आणि मुरबाड-शहापूरच्या पक्षकारांची दस्तऐवजांची दप्तरे मागच्या आसनावर टाकून ते सर्वत्र स्वतः गाडी हाकीत. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक, एवढ्या भांडवलावर कसारा घाट चढायचा म्हणजे प्रत्येक वळणाचा आधी विचार करावा लागे. पहिला गिअर चालत्या गाडीत सहजी पडत नसे. म्हणून दुसऱ्यावरच जोर टिकवून धरायचा, ट्रकच्या मागे अडकून वेग मोडू द्यायचा नाही. उन्हाळ्यात पेट्रोलचा पंप तापून इंजिन घुटमळू लागले की वडील शांतपणे उतरत, बॉनेट उघडत, फडके पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळत आणि ते वाळेपर्यंत दरीकडे पाहत उभे राहत. उतरताना ब्रेकचा वास येऊ लागण्यापूर्वीच दुसऱ्या गिअरात गाडी रोखून धरायची, हा त्यांचा दंडक होता. "ब्रेक हा शेवटचा अर्ज आहे, पहिला नव्हे," असे ते म्हणत.

पुढे, स्वतःच्या कमाईच्या वयात, मी प्युजो घेतली. युरोपात हिचीच १.९ लिटरची जीटीआय नावाची बहीण मोठमोठ्या गाड्यांना वळणांवर मागे टाकण्याबद्दल नावाजली गेली होती. आमच्या डोंबिवलीच्या गाडीला १,३६० घनसेंटिमीटरचे साधेच इंजिन होते, पण सांगाडा तोच, चाकांची बैठक तीच. माळशेज घाटातल्या एका उजव्या वळणावर मला तिची ओळख पटली. वेग किंचित अधिक झाला होता. अॅक्सिलरेटरवरचा पाय मी जरासा सैल केला, आणि ब्रेकला स्पर्शही न करता गाडीचे नाक आपण होऊन वळणाच्या आत आले, मागची चाके हलकेच बाहेर सरकली, आणि हे सारे माझ्या बोटांना व कंबरेला, डोळ्यांनी पाहण्याच्या आधी कळले. पुढे ती वळणे पुन्हा घेण्यासाठी मी रविवारी पहाटे निघत असे. वाटेत कामकाज काहीच नसे.

गेल्या वर्षी पुतण्याने नवी पोर्शे ९११ घेतली आणि "काका, आज तुम्हीच चालवा," असा आग्रह धरून आमण्याला समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी स्टिअरिंग माझ्या हाती दिले. हा महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत पुरा झाला, आणि ज्या कसारा घाटात वडिलांची फियाट धापा टाकीत असे, त्याच डोंगराच्या पोटातून आता सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा जातो. तो डोंगर मी केव्हा ओलांडला ते मला समजलेच नाही. सपाटीवर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटरची. गाडी त्या वेगाला निद्रिस्त असल्यासारखी स्थिर, आठ गिअर आपसूक बदलणारे, आणि स्टिअरिंग अचूक असूनही मुके. १९६४ च्या सुमाराची पहिली ९११ सुमारे १,०८० किलो वजनाची व १३० अश्वशक्तीची होती; आजची दीड हजार किलोंच्या आसपास असून तिची शक्ती तिपटीच्या घरात आहे, आणि २०११ साली आलेल्या पिढीपासून तिच्या स्टिअरिंगला तेलाच्या दाबाऐवजी विजेच्या मोटारीचे साह्य आहे. हात काय मागतो ते ही यंत्रणा चाकांना बिनचूक सांगते. मात्र चाकांना काय जाणवले ते हाताला सांगण्याच्या कामी ती कंजूष आहे. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर नव्या गाडीने चालकाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतले आहे: निर्णय तुमच्या नावाने, कारभार तिचा.

तथापि या मुखत्याराने जीव वाचविले आहेत, हे मी पूर्ण आदराने मान्य करतो. आषाढातल्या संततधारेत, निसरड्या उतारावर, अचानक गुरे आडवी आली असता चाके न अडकता गाडी वळू शकते ती एबीएसमुळे, आणि नव्या मोटारींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले हे उत्तमच झाले. फियाटच्या काळात अशा क्षणी नशिबावर भिस्त असे. माझी तक्रार सुरक्षिततेविषयी नाही, वजनाविषयी आणि मौनाविषयी आहे. आणि या दोहोंखेरीज सुरक्षित गाडी होतच नाही, असेही नाही. माझ्दाची एमएक्स-५ १९८९ साली सुमारे ९५० किलोंची होती, ती आज सगळी आधुनिक साधने अंगावर वागवूनही एक टनाच्या जवळपासच राहिली आहे. म्हणजे इच्छा असेल तर साधते. ती गाडी आपल्याकडे विकली जात नाही, याची मला खंत वाटते, कारण आपल्या रस्त्यांना शोभेल अशी स्पोर्ट्स कार ती आहे.

मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या कल्याण-शीळ रस्त्यावर चारशे अश्वशक्तीचा उपयोग कोणाला आणि कसा करता येईल? पोर्शेचा आनंद ज्या वेगाला सुरू होतो, त्या वेगाला कायदा संपलेला असतो; उलट प्युजोचा आनंद ताशी पन्नासलाच सुरू होत असे आणि त्याला कोणाच्या परवान्याची गरज पडत नसे. या एका निकषावर जुनी गाडी श्रेष्ठ, हा माझा निर्णय मी पोर्शे चालवून आल्यानंतरही बदललेला नाही, आणि पुतण्याला तो स्पष्ट सांगितला आहे.

तेव्हा मानपाड्यात, डोंबिवलीत, ठाण्यात ज्यांच्या इमारतीच्या आवारात एखादी फियाट किंवा प्युजो धूळ खात उभी असेल, त्यांना माझी विनंती आहे की तिचा सांगाडा धड असेल तर तिला भंगारवाल्याच्या हवाली करू नका. आरटीओत तपासणी करून पाच वर्षांची पुनर्नोंदणी मिळते. ती करून घ्या, ब्रेकचे लायनर नवे बसवा, आणि घरातल्या मुलाला वा मुलीला, परवाना हाती येताच, एखाद्या रविवारी पहाटे तिच्या स्टिअरिंगवर बसवा.