सेलमचा धक्का

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स राज्यात चौदा काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडचा जिल्हा. ऐतिहासिक वास्तूंची सरकारमान्य यादी तेथे काउंटीवार पाहण्याची पद्धत आहे. त्यांपैकी एसेक्स काउंटीचा कारभार 1999 साली बंद झाला, तिची कामे राज्याकडे गेली. परंतु वास्तूंच्या यादीत एसेक्सचे नाव कायम आहे. प्रशासन मोडले तरी पत्ता मोडत नाही, हे जुनी गावे जाणतातच.

याच एसेक्समध्ये सेलम हे बंदर आहे. 1692 सालच्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे त्याचे नाव जगभर झाले आणि आजही प्रवाशांचे लोंढे मुख्यतः त्याच कुतूहलाने येतात. व्यापारी घरातील प्रवाशाने मात्र तो बाजार ओलांडून थेट समुद्राकडे जावे. तेथे डर्बी घराण्याचा लांबलचक दगडी धक्का पाण्यात शिरलेला दिसतो. 1938 साली अमेरिकेच्या संघ सरकारने देशातील पहिले ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ म्हणून जो भाग जाहीर केला, तो हाच. पहिला मान रणभूमीला किंवा राजप्रासादाला न मिळता धक्का, वखार आणि जकातघर यांना मिळाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

1790 च्या जनगणनेत सेलमची वस्ती आठ हजारांच्या आत होती, तरीही लोकसंख्येने ते देशातील सहावे शहर ठरले. येथील जहाजे आफ्रिकेचे टोक वळसून सुमात्राच्या मिरीसाठी, चीनच्या चहासाठी आणि हिंदुस्थानच्या सुती कापडासाठी जात. सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता ही नावे तेथील पेढ्यांच्या वह्यांत घरगुती झाली होती. 1796 साली जेकब क्राउनिनशील्ड या सेलमच्या कप्तानाने बंगालहून चक्क एक हत्तीण न्यूयॉर्कला उतरवली. साडेचारशे डॉलरला घेतलेले ते जनावर दहा हजारांना विकले गेले, असे सांगतात. वाटेतील चारापाणी वजा जाताही सौदा वाईट म्हणता येणार नाही!

हा व्यापार एकट्या कप्तानांच्या धाडसावर चालत नव्हता. परक्या बंदरात माल जमवणे, त्याची पारख, भावाची घासाघीस, पैशाची सोय हे सारे स्थानिक मध्यस्थ पाहत. कलकत्त्यात त्यांना ‘बनियन’ म्हणत. मूळ शब्द आपला ‘वाणी’च. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या कप्तानांनी व मालावरील कारभाऱ्यांनी 1799 मध्ये स्वतःची एक संस्था काढली आणि 1825 साली तिच्यासाठी ईस्ट इंडिया मरीन हॉल बांधला. उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आले होते. वरती संग्रहालय, खाली बँक आणि विमा कंपनी, अशी त्या इमारतीची व्यवहारी मांडणी होती. आज ती पीबडी एसेक्स संग्रहालयाचा भाग आहे. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आणि बंगाली बनियांचे मातीचे पूर्णाकृती पुतळे या संग्रहात आहेत. राजेमहाराजांची चित्रे जगात पुष्कळ आहेत. परदेशी गिऱ्हाइकाने आपल्या आडत्याची मूर्ती आदराने जपल्याचे उदाहरण विरळाच.

या वैभवाचे प्रमुख धनी इलियास हॅस्केट डर्बी. धक्क्यासमोरील त्यांचे विटांचे घर 1762 मध्ये वडिलांनी बांधून दिले. ते आजही उभे आहे. पुढे संपत्ती अफाट वाढली तेव्हा डर्बींनी गावाच्या मध्यभागी एक भव्य प्रासाद उभारला. त्याच्या कामात सॅम्युअल मॅकिन्टायर या नामांकित कारागिराचा हात होता. 1799 साली प्रासाद पुरा झाला आणि त्याच वर्षी डर्बी वारले. वारसांना तो खर्च पेलवेना, घ्यायलाही कोणी पुढे येईना. 1815 मध्ये प्रासाद पाडला गेला. त्या जागी दुसऱ्याच वर्षी बाजाराची इमारत उभी राहिली: वर सभागृह, खाली दुकाने. दोनशे वर्षांनंतर ती बाजाराची इमारत शिल्लक आहे.

सरकारी नोंदीने असे घर वाचले असते का? येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. 1966 च्या कायद्याने ‘नॅशनल रजिस्टर’ सुरू झाले आणि आजवर त्यात नव्वद हजारांहून अधिक नोंदी झाल्या. परंतु केवळ नोंदीने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. संघ सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर स्वतःच्या खर्चाने तो नोंदलेली वास्तू बदलू शकतो, पाडूही शकतो. मालकाचा आक्षेप असेल तर खासगी वास्तूची नोंदच होत नाही. प्रार्थनास्थळांना केवळ पावित्र्याच्या आधारे प्रवेश नाही. वास्तुकला, कला किंवा इतिहास यांचे महत्त्व दाखवावे लागते. खरा अंकुश असतो तो स्थानिक जतनक्षेत्राच्या नियमांचा. आणि खरे आमिष करसवलतीचे: उत्पन्न देणाऱ्या नोंदलेल्या इमारतीची दुरुस्ती ठरावीक निकषांनुसार केल्यास पात्र खर्चाच्या 20 टक्के इतकी सूट संघ सरकारच्या प्राप्तिकरात मिळते. जुनी इमारत व्यवहारात राहिली तरच तिला हा लाभ, ही अट धूर्त आणि शहाणपणाची आहे.

सेलमवरही संकट येऊन गेले. 1960 च्या दशकात शहर-नवनिर्माणाच्या नावाखाली जुन्या पेठेचा मोठा भाग पाडून रस्ते व वाहनतळ करण्याची योजना होती. 1965 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वास्तुसमीक्षक एडा लुईस हक्सटेबल यांनी तिच्यावर कठोर लेखन केले, गावातील लोकही उठले. काही इमारती गेल्या. उरलेल्यांसाठी योजना बदलून दुरुस्तीचा मार्ग धरण्यात आला. आज त्या पेठेत दुकाने चालू आहेत.

जकातघर पाहताना एक विसंगती जाणवते. ही देखणी इमारत 1819 सालची. म्हणजे 1807 ची जहाजबंदी आणि 1812 चे युद्ध यांनी सेलमचा कणा मोडल्यानंतरची. उथळ बंदरात मोठी जहाजे येईनात, व्यापार बोस्टन व न्यूयॉर्ककडे वळला. 1846 ते 1849 या काळात येथे नोकरीस असलेल्या कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न यांना पेंगणाऱ्या कचेरीचेच दर्शन घडले. मागच्या बाजूस 1829 चे छोटे काटाघर आहे, जेथे मालाचे वजन करून जकात ठरवण्याचे मोठे काटे ठेवलेले असत. आणि धक्क्याच्या अगदी टोकाला चौकोनी, बुटका पांढरा दीपस्तंभ. तो 1871 साली उभारला गेला. मिरीची जहाजे येणे त्यापूर्वीच थांबले होते.