लेफ्ट बॅक

२०१३-१४ च्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलने ३८ सामन्यांत १०१ गोल केले आणि ५० गोल अंगावर घेतले. पहिल्या आकड्याचे कौतुक त्या वेळी सर्वत्र झाले, अजूनही होते. आमच्या मनातून मात्र दुसरा आकडा जात नाही. विजेत्या मँचेस्टर सिटीने त्या वर्षी १०२ गोल केले होते, म्हणजे आमच्याहून एकच अधिक. अंगावर घेतले ३७. गुण त्यांचे ८६, आमचे ८४. अकराव्या क्रमांकावर राहिलेल्या क्रिस्टल पॅलेसला संपूर्ण मोसमात जेमतेम ३३ गोल करता आले, पण त्यांच्यावर झालेले गोलही ४८ च, आमच्यापेक्षा दोनांनी कमी. (कोल्हापुरात बसून ‘आमचे’ म्हणण्याचा अधिकार तुम्हांला कुणी दिला, असे कुणी विचारील. विचारो बापडा.)

हा नाद आम्हांला २५ मे २००५ च्या रात्री लागला. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होता. झोपायला जावे की आणखी थोडे थांबावे या विचारात आम्ही होतो आणि तेवढ्यात सहा मिनिटांत तीन गोल फिटले. त्या रात्री जे पाहिले त्यामुळे आम्ही या संघाचे झालो, पण एक गोष्ट पाहायची राहूनच गेली. पहिल्या अर्ध्यात ते तीन गोल झालेच कसे, हे आम्ही स्वतःला विचारले नाही. प्रेमात पडणारा माणूस सहसा विचारीत नाही.

त्याचे उत्तर नऊ वर्षांनी मिळाले, आणि तेही उलट्या क्रमाने. ५ मे २०१४ चा सामना, आमच्याकडे तारीख बदलून सहा झाली होती. आमचा पुतण्या तेव्हा शिक्षणासाठी आमच्याकडे राहत असे. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद, मध्ये शेंगांची वाटी. आदल्या आठवड्यात चेल्सीकडून ०-२ असा पराभव झालेला होता. जेरार्डचा पाय घसरलेला तोच तो सामना, ज्याची चित्रफीत आजही लोक आम्हांला पाठवतात. आता क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जिंकावे तर लागणार होतेच, शिवाय सिटीच्या गोलफरकाच्या जवळ जाण्यासाठी भरपूर गोलही हवे होते. ५५ व्या मिनिटाला सुआरेझने तिसरा गोल केला. ३-०. पुतण्या उठून उभा राहिला. आम्ही त्याला हाताला धरून खाली बसविले.

“काका, अजून तीन-चार तरी होतील.”

“कुणाकडून?” आम्ही विचारले.

त्याला वाटले आम्ही विनोद करीत आहोत. आम्ही ऑगस्टपासून हाच प्रश्न विचारीत होतो. ७९ व्या मिनिटाला पहिला गोल झाला, ८१ व्या मिनिटाला दुसरा आणि ८८ व्या मिनिटाला तिसरा. ३-३. सुआरेझने शर्टात तोंड लपविले. आम्ही बाहेरच्या खोलीतला दिवा मालवला आणि मग अंधारातच, आजूबाजूला कुणी नाही असे समजून, बचावफळीतल्या खेळाडूंना एकेक करून शिव्या दिल्या. मराठीच्या प्राध्यापकाला शोभतील अशा त्या नव्हत्या.

गोल करणाऱ्या संघाची बचावफळी कमकुवत असते तेव्हा रसिकाच्या वाट्याला येणारा त्रास मोठा चमत्कारिक असतो. संघ सरसकट वाईट असला की माणूस लवकर शहाणा होतो. इथे तसे होत नाही. स्टोकला ५-३, कार्डिफला ६-३, स्वान्सीला ४-३, फुलहॅमला ३-२, असे विजय एकामागून एक येतात आणि प्रत्येक विजयाच्या उदरात पराभवाची गोष्ट तयार होत असते. शोकान्तिकेतला नायक आपल्या भवितव्याविषयी अजाण असतो आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु प्रेक्षकाला ते शनिवारमागून शनिवार, नऊ महिने ठाऊक असणे म्हणजे काय, याची कल्पना मुलांना देणे आम्हांला कधी जमले नाही.

त्या बचावफळीची यादी आम्हांला आजही पाठ आहे. मार्टिन श्कर्टलने त्या मोसमात लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांवर सात गोल केले आणि स्वतःच्या जाळ्यात चार. सात गोल हे एखाद्या बऱ्या आघाडीच्या खेळाडूला समाधान वाटावे असे. चार स्वयंगोल हा लीगच्या एका मोसमातला विक्रम. आदल्या मोसमाअखेर जेमी कॅराघर निवृत्त झालेला. कोलो तूरे हा अनुभवी माणूस विनामूल्य आलेला, पण वय ३२. वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याने आपल्याच गोलसमोर आडवा दिलेला पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला आणि जिंकलेला सामना बरोबरीत सुटला. सखो पॅरिसहून आला, तोही मोसम सुरू झाल्यावर. डाव्या बाजूचा होसे एन्रिके बहुतेक काळ दुखापतीने बाहेर. त्याच्या जागी उसना आणलेला सिसोखो, आणि मग जॉन फ्लॅनगन.

या फ्लॅनगनपाशी आम्हांला थोडे थांबले पाहिजे. लिव्हरपूलच्याच मातीतला एकवीस वर्षांचा पोरगा, उजव्या पायाचा, राइट बॅक म्हणून तयार झालेला. त्याला डावीकडे उभा केला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, कारण तो जीव तोडून चेंडूवर तुटून पडे. आम्हीही त्याचे कौतुक केले. पण त्याला पाहताना दर वेळी आमच्या पोटात गोळा येई. कारण उघड होते. डावीकडे उभ्या केलेल्या उजव्या पायाच्या बॅकचे काय होते, हे आम्ही स्वतः भोगलेले आहे.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. महाराष्ट्रभर मुले क्रिकेटची बॅट घेऊन फिरत असताना आमच्याकडे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी झुंजत आणि सामन्याचा निकाल पेठेत वर्षभर चघळला जाई. १९८० च्या दशकात आम्ही अशाच एका तालमीकडून दोन मोसम खेळलो. (तालमीचे नाव सांगत नाही, त्यातली मंडळी अजून भेटतात.) पुढे खेळायला आमच्याकडे सतरा जण होते. बिडी ओढत बाकावर बसलेला अठरावाही म्हणायचा, मी फॉरवर्ड. मागे थांबायला कुणी तयार नसे. लेफ्ट बॅक तर आमच्या यादीत नव्हताच. एका अंतिम सामन्याच्या सकाळी संघ सांभाळणारे गृहस्थ आमच्याकडे बघून म्हणाले, “पोरा, तू अभ्यासातला हैस, तुला कळंल. तू डावीकडं थांब.”

आम्हांला कळत होते ते एवढेच, की आमचा डावा पाय केवळ उभे राहण्यापुरता आहे. डाव्या रेषेवर चेंडू आला की तो डाव्या पायानेच दूर धाडावा लागतो. उजव्या पायाच्या माणसाला त्यासाठी आधी अंग आत वळवावे लागते, चेंडू ओढून उजव्यावर घ्यावा लागतो. त्यात अर्धा सेकंद जातो. प्रतिस्पर्धी चांगला असेल तर त्याला तेवढा पुरतो. त्याला तो पुरला. आम्ही आत वळलो, चेंडू गेला, मागे धावलो तोवर गोल झालेला होता. सामना १-० ने गेला. पुढली कित्येक वर्षे पेठेत आमची ओळख ‘तो गोल ज्याच्याकडून गेला तो’ अशी होती. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हासुद्धा एका आजोबांनी अभिनंदन करून झाल्यावर हळूच तो विषय काढला होता.

त्या दिवशी सतरा फॉरवर्ड होते आणि लेफ्ट बॅक नव्हता, ही गोष्ट कुणी काढली नाही. काढणार कशी? नसलेला लेफ्ट बॅक दिसत नाही. दिसतो तो त्याच्या जागी उभा केलेला माणूस. बचावातली रिकामी जागा मैदानावर रिकामी कधीच नसते, अकरा जण तर उतरावेच लागतात.

हे सारे स्वतः भोगलेले असूनही त्या रात्री अंधारात आम्ही नावे घेतली ती श्कर्टलची, जॉन्सनची, फ्लॅनगनची. खेळाडूंची यादी उन्हाळ्यात करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तोंडात आले नाही. दुसऱ्या दिवशी विभागात गेलो तेव्हा व्याकरणाच्या तासाला तासिका तत्त्वावरचे एक तरुण सर निघालेले दिसले. मूळ जागा निवृत्तीनंतर भरलीच गेली नव्हती; सरांचा अभ्यास संतवाङ्मयाचा, आणि त्यांच्या गळ्यात भाषाविज्ञान व व्याकरणाचा पेपर आलेला. निकाल लागला की बैठकीत विचारणा त्यांनाच होई. आम्ही त्या बैठकांना हजर असायचो आणि गप्प बसायचो. त्या दिवशी त्यांना आम्ही आमच्या पैशाने चहा पाजला, कारण सांगितले नाही. याहून अधिक काही केले असे लिहिण्याजोगे आमच्यापाशी नाही.

पुढचा इतिहास जाणकारांना माहीत आहे. सुआरेझ बार्सिलोनाला गेला. लोव्रेन आला, मोरेनो आला. २०१४-१५ चा शेवटचा सामना स्टोकने ६-१ ने जिंकला. मग जानेवारी २०१८ मध्ये ७५ दशलक्ष पौंड मोजून व्हर्जिल व्हॅन डाइक आणला गेला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात गोलरक्षक अलिसन. २०१८-१९ मध्ये आमच्यावर झालेले गोल अवघे २२. माद्रिदला १ जून २०१९ रोजी चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढल्या वर्षी ९९ गुणांनी तीस वर्षांनंतरचे लीग विजेतेपद. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. सुखात माणूस नीट पाहत नाही. आम्ही सामने चालू असताना पेपर तपासू लागलो होतो.

आणि नेमक्या त्याच सुखात २०२० च्या उन्हाळ्यात लोव्रेनला विकून त्याच्या जागी कुणीही घेतला नाही. मध्यभागी राहिले तीन अनुभवी बचावपटू: व्हॅन डाइक, जो गोमेझ, जोएल माटिप. त्यांतले शेवटचे दोघे वारंवार दुखापतग्रस्त होणारे. पुतण्या तेव्हा घरूनच नोकरी करीत होता. त्याने कागदावर तीन नावे लिहिली, दोन नावांसमोर प्रश्नचिन्ह काढले आणि कागद फ्रिजवर लावला. १७ ऑक्टोबरला एव्हर्टनविरुद्ध सुरुवातीलाच व्हॅन डाइकचा गुडघा गेला. नोव्हेंबरात गोमेझ गेला. जानेवारीत माटिप. घरच्या मैदानावरची ६८ लीग सामन्यांची अपराजित मालिका बर्नलीने मोडली आणि तो सामना धरून आम्ही तिथेच लागोपाठ सहा सामने हरलो. खरेदीच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी दोघांना धावतपळत आणले; त्यांतला एक तर संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता पुढे निघून गेला.

अखेरीस मध्यभागी उभे राहिले नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स. विल्यम्स वर्षभरापूर्वी सहाव्या श्रेणीतल्या किडरमिन्स्टर हॅरियर्सकडे उसना खेळत होता. दोघेही उंच, दोघेही सावकाश वळणारे. आक्रमक वेगाने अंगावर आला की काय होणार हे आम्हांला दिसत असे, आणि त्यांनाही ठाऊक असणार. तरी ते चेंडूखाली डोके घालीत राहिले. बर्नलीच्या सामन्यात फिलिप्सने डोक्याने गोल केला आणि नंतर आपल्या गोलरेषेवरून एक चेंडू परतवला. मोसमाचा शेवटचा सामना २३ मे २०२१ रोजी, नेमका क्रिस्टल पॅलेसशी. डोक्याला पट्टी बांधून फिलिप्स खेळत होता. चॅम्पियन्स लीगची जागा त्या निकालावर अवलंबून होती.

पहिल्या अर्ध्यात एक चेंडू त्याच्या चुकीच्या बाजूला पडला आणि आमचा श्वास अडकला. पुतण्याने काही म्हणायला तोंड उघडले, आमच्याकडे पाहिले आणि मिटले. मग बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “काका, तुम्ही डावीकडं खेळलाता न्हवं? कसं वाटायचं तिथं?”

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

“चेंडू उशिरा दिसतो,” आम्ही सांगितले. “म्हणजे दिसतो वेळेवरच. पाय उशिरा पोचतो.”

तो काही बोलला नाही. कॉर्नर झाला होता. फिलिप्स पट्टी चाचपत पुढे निघाला होता.