हिवरखेडहून पुण्याचा सर्व्हर

सुटीत घरी आलो तरी सर्व्हरची जबाबदारी सुटत नाही. यंत्र पुण्यात, मी तेल्हारा तालुक्यात, आणि मोबाइलची रेंज आली तर आली. चित्रांचं पॅनेल इथे उघडता उघडत नाही. एसएसएच मात्र लगेच जोडलं जातं, कारण ये-जा फक्त अक्षरांची. सर्व्हरवर आधी टीमक्स सुरू केलं की लाइन तुटली तरी तिकडचं काम चालू राहतं. लोडशेडिंगच्या गावात याची किंमत कळते.

आज एक व्हर्च्युअल मशिन अडकलं होतं. ‘व्हर्श शटडाउन’ दिलं. हा आदेश आतल्या सिस्टिमला आवरून घ्यायला सांगतो, मग वाट पाहायची. ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे थेट वीज तोडणं. डिस्क शाबूत राहते, पण अर्धवट लिहिलेला डेटा जाऊ शकतो. डेटाबेसवर तो मला शेवटचाच उपाय वाटतो.

"झालं का रे बावा तुयं?" आईनं विचारलं.

"थांब वं माय, बंद होऊन राह्यलं."

यादीत ‘शट ऑफ’ दिसलं, तेव्हाच ‘स्टार्ट’ दिलं.

व्हर्च्युअल मशिन चालवणारं केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात आलं, म्हणून हे सगळं लायसन्सच्या पैशाविना करता येतं. प्रोसेसरनं साथ दिली की जुना कॉम्प्युटरही चालतो. गावातल्या पोरांना हे शिकवायचंच. उद्या सुरुवात ‘व्हर्श लिस्ट’पासून.