बांबूचा ऑर्गन

ऑर्गन म्हटला की आम्हां संगीत नाटकांच्या शौकिनांना नांदीच्या वेळचा, पायाने भाता मारून काढलेला सूर आठवतो. चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन हे प्रकरण निराळे. आणि मनिलाजवळच्या लास पिन्यासमधला तर जगावेगळाच!

दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्रीबुवांनी आपल्या कॅथलिक चर्चसाठी १८१६ साली बांबू तोडले, कीड लागू नये म्हणून वाळूत पुरले आणि १८२४ पर्यंत वाद्य पुरे केले. नळ्या १०३१, त्यांतल्या ९०२ बांबूच्या! पुढे भूकंपांनी नि वादळांनी त्याचा गळा बसला. १९७३ साली तो दुरुस्तीसाठी जर्मनीतल्या बॉनला गेला. तिथे त्याच्याकरिता एका खोलीत फिलिपिन्सची उबदार, दमट हवा मुद्दाम राखली होती. १९७५ साली तो घरी परतला.

आमच्याकडे बांबूच्या वाट्याला सूप येते, टोपली येते आणि शेवटी तिरडी. त्याच बांबूच्या तोंडून तिथे एक गाव देवाला आळवते! पण मन रेंगाळते ते त्या बॉनच्या खोलीत. सूर परक्या कारागिराला जुळवता येतो. हवा मात्र ज्याच्या त्याच्या मुलखाचीच लागते.