उरलेले दोन

आईच्या डोक्यात दोन फुगे आहेत. आधी तीन होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चकल्या तळता तळता आई एकदम डोकं धरून खाली बसली. "आत काहीतरी फुटलं गं" एवढंच म्हणाली. आम्हाला वाटलं पित्त. शेजारच्या काकांनी ऐकलं नाही, सरळ रिक्षात घातलं म्हणून बरं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. रक्तवाहिनीची भिंत कमजोर झाली की तिथे फुगवटा येतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात, हे ज्ञान त्या रात्री झालं. अँजिओग्राफीत एक नाही, तीन निघाले!

डॉक्टर म्हणाले, हे फार दुर्मिळ नाही. असे फुगे असणाऱ्या दर चार-पाच जणांत एकाला एकाहून जास्त असतात. खरा प्रश्न, फुटला कोणता? रक्त कुठे साचलंय, कुठला मोठा, कुठल्याचा आकार वेडावाकडा, यावरून ठरवतात. अंदाज चुकला तर फुटलेला तसाच राहतो आणि पुन्हा फुटू शकतो. आईच्या मांडीतून नळी घालून, प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद केला.

उरलेले दोन दुसऱ्या बाजूला, तीन आणि चार मिलिमीटरचे. एका बाजूला असते तर कवटी उघडून एकाच ऑपरेशनमध्ये तिन्हींना क्लिपा लावता आल्या असत्या कदाचित. एवढे लहान फुगे बहुतेक वेळा गप्प राहतात. पण एक फुटलेल्या माणसात उरलेल्यांचा धोका थोडा जास्त. आणि बंद करायला जावं तर त्यातही पक्षाघाताची भीती आहेच.

दादा म्हणत होता, दोन्ही करून टाकू, डोक्याला ताप नको. मी नको म्हणत होते. आठवडाभर आमची भांडणं. शेवटी आईच म्हणाली, "निजलेत ना? निजू देत." मग ठरलं. बीपीची गोळी रोज आणि ठरल्या वेळी एमआरआय. वाढले तर बघू.

परवा पुन्हा चकल्या झाल्या. मध्येच आईचा हात कपाळाकडे गेला. माझ्या हातातला सोऱ्या तसाच थांबला.

"घाम गं," ती म्हणाली. "तू पाड चकल्या."

असो. यंदा चकल्या मात्र खुसखुशीत झाल्यात.