पुठ्ठ्याचं गेटवे, ठिपक्यांचं गेटवे

गावाकडून पाहुणे आले, की गिरगाव असो वा दादर-लालबाग, घरोघरी एक बेत ठरलेला: 'चला, गेटवे दाखवून आणू!' मग समुद्राचा वारा, कबुतरं, फोटो. खुद्द कमानीकडे मात्र कितीजण बघतात?

गंमत अशी, की ज्याच्या स्वागताची ही आठवण, त्या राजाने ती पाहिलीच नाही! २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा इथे होती नुसती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाभरणी झाली १९१३ साली, आणि जॉर्ज विटेट यांची कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार! पिवळसर बेसाल्ट दगड इथला, नक्षीदार जाळ्या मात्र ग्वाल्हेरच्या.

आता या कमानीची आणखी एक प्रतिकृती आहे. पुठ्ठ्याची नव्हे, ठिपक्यांची. २००१ साली अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या गेल्या. त्या धक्क्यातून बेन कासिरा यांनी अमेरिकेत 'सायआर्क' ही संस्था काढली. वास्तू पडण्याआधीच तिचं माप घेऊन ठेवायचं, हे तिचं काम. २०१९ साली तिने गेटवेचं माप घेतलं.

कसं? तिवईवरचं यंत्र लेसरचा किरण सोडतं. तो दगडावर आपटून परत येतो. दहा मीटरवरच्या दगडाला शिवून यायला त्याला लागतो सेकंदाचा सुमारे दीड कोटीवा भाग! त्या वेळेवरून अंतर कळतं आणि एक ठिपका नोंदला जातो. असे कोट्यवधी ठिपके जमले, की संगणकात अख्खी इमारत उभी. वरचा भाग शिडीने थोडाच मोजणार? तिथे ड्रोन फोटो काढतो. असं मॉडेल डोळ्यांवर खास चष्मा चढवून बघितलं, तर तुम्ही थेट घुमटापाशी उभे!

पण खरा उपयोग वेगळाच. तुमची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दरवर्षी लिहितात ना? तशी ही दगडाची खूण. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या लाटांनी गेटवेजवळचा कठडा फोडला. कमान राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिच्या तपासणीत पृष्ठभागावर काही भेगा आणि उगवलेली झाडंझुडपं आढळल्याचं २०२३ साली लोकसभेत सांगण्यात आलं. एखादी भेग जुनी की नवी, हे ताडायला २०१९ चे ते ठिपके आहेत.

पुढच्या खेपेला कबुतरं जरा बाजूला ठेवा आणि कमानीखाली उभं राहून सरळ वर बघा. तो मधला घुमट जमिनीपासून ८३ फुटांवर आहे.